ताऱ्यांचे पुंजके : निसर्गाचे पार्टिकल अ‍ॅक्सेलरेटर

पार्टिकल अ‍ॅक्सेलरेटर म्हटलं की आपल्याला सर्नचा एलएचसी आठवतो. २७ किलोमीटर परिघाचा बोगदा, सुपरकंडक्टिंग मॅग्नेट्स आणि एवढा खटाटोप करून एका प्रोटॉनला मिळते ६.८ टीईव्ही, म्हणजेच ६.८ लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा! आकाशातून मात्र याच्या शेकडो पट ऊर्जेचे प्रोटॉन फुकटात येऊन वातावरणावर आदळतात. हेच कॉस्मिक किरण. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरहून उंच जाऊन ते शोधले. पण ते येतात कुठून?

अडचण अशी की प्रोटॉनवर विद्युतभार असतो. आकाशगंगेतलं चुंबकीय क्षेत्र त्याला इतकं वळवतं की मूळ दिशाच हरवते. पण हेच प्रोटॉन वाटेतल्या वायूवर आदळले की पायॉन तयार होतात आणि उदासीन पायॉनपासून दोन गॅमा किरण निघतात. गॅमा किरणांवर भार नसतो, ते सरळ येतात. शिवाय त्यांची ऊर्जा मूळ प्रोटॉनच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असते. म्हणजे पत्ताही कळला आणि ऊर्जाही!

पूर्वी सगळा संशय सुपरनोव्हाच्या अवशेषांवर होता. पण स्फोटाची शॉकवेव्ह काही हजार वर्षांतच मंदावते. याउलट, अवजड ताऱ्यांच्या पुंजक्यात शेकडो तारे सेकंदाला २ ते ३ हजार किलोमीटर वेगाने वारे सोडत असतात, तेही लाखो वर्षं. हे एकत्रित वारे जिथे अडतात तिथे शॉक तयार होतो. एकमेकींकडे सरकणाऱ्या दोन बॅट्समध्ये टेबल टेनिसचा बॉल सापडला तर प्रत्येक टप्प्याला त्याचा वेग वाढेल ना? शॉकच्या आरपार ये-जा करणाऱ्या कणाचं तसंच होतं.

आता पुरावा बघू. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी वेस्टरलुंड १ या पुंजक्याचं १६४ तास निरीक्षण केलं. २०२२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष गंमतशीर आहे : गॅमा किरण पुंजक्याच्या मध्यातून नाही, तर भोवतालच्या कड्यासारख्या भागातून येतात. शॉक जिथे असायला हवा तिथेच! दुसरा पुरावा हंस तारकासमूहातला, सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं दूर. तिथला गॅमा किरणांचा बुडबुडा फर्मी उपग्रहाने २०११ मध्ये दाखवला. २०२४ मध्ये चीनच्या लासो वेधशाळेने तिथून हजार टीईव्हीच्या वरचे फोटॉन नोंदवले. म्हणजे मूळ प्रोटॉन दहा हजार टीईव्हीचे, एलएचसीच्या सुमारे दीड हजार पट!

मग केस संपली का? नाही. वेगवान इलेक्ट्रॉनसुद्धा गॅमा किरण निर्माण करू शकतात आणि हंसातल्या बुडबुड्यात इतर संशयितही आहेत. म्हणूनच आणखी तीक्ष्ण नजरेच्या दुर्बिणी हव्यात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने लडाखमध्ये हानले इथे उभारलेल्या मेस दुर्बिणीचं २०२४ मध्ये उद्घाटन झालं. तिचा आरसा २१ मीटरचा आहे आणि हंस तिथून छान दिसतो. अशा दुर्बिणीला फिजिक्सवाल्यांइतकीच आरसे वळवणारी मेकॅनिकलची आणि नॅनोसेकंदांत सिग्नल पकडणारी इलेक्ट्रॉनिक्सची मंडळी लागतात. तेव्हा मित्रांनो, शंभर वर्षांच्या या प्रश्नात आपल्यालाही काम आहे!