‘जास्त परत देणारे’ यंत्र : मैसिरच्या आयतींच्या प्रकाशात



लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना मद्य आणि जुगार यांविषयी विचारले, असा उल्लेख सूरह अल्-बकराच्या २१९ व्या आयतीत आहे. तेथे मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, या दोहोंत मोठे पाप आहे, लोकांसाठी काही लाभही आहेत, पण पाप लाभाहून मोठे आहे. या आयतीतील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अल्लाहने जुगारातील लाभ नाकारलेला नाही. लाभ आहे हे मान्य करूनच निर्णय दिला आहे. आजचा पाठ याच मुद्द्यापासून सुरू करायचा आहे, कारण मला विचारला गेलेला एक प्रश्न नेमका येथेच येऊन थांबतो.

काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी बसून राहिला. मशीद रिकामी झाल्यावर तो म्हणाला, “मौलाना, जुगार हराम आहे हे मला ठाऊक आहे. पण मी नशिबावर खेळत नाही, हिशेबाने खेळतो. कोणते स्लॉट मशीन किती टक्के परत देते हे मी अभ्यासले आहे. टक्केवारी माहीत असली म्हणजे ते ज्ञान झाले ना? व्यापारीसुद्धा हिशेब करूनच माल घेतो.” थोडा वेळ बोलणे झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. मित्रांबरोबर गोव्याला दोनदा जाऊन तो पैसे हरला होता. त्यातील मोठा भाग वडिलांनी हजसाठी साठवून त्याच्या खात्यात ठेवलेला होता. तिसऱ्या खेपेस ‘चांगले’ यंत्र शोधून ती रक्कम भरून काढावी, म्हणजे वडिलांना काही कळणारच नाही, असा त्याचा बेत होता.

त्याला नुसते ‘हराम आहे’ असे सांगून उपयोग नव्हता, कारण ते त्याला आधीच ठाऊक होते. म्हणून आम्ही प्रथम त्याचाच हिशेब तपासला. तो आपणही तपासावा.

यंत्राचा हिशेब

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात चार्ल्स फे या कारागिराने तीन चाकांचे ‘लिबर्टी बेल’ यंत्र बनवले. तेव्हा चाके खरोखर फिरत आणि जेथे थांबत तेथे निकाल लागे. आजच्या यंत्रात बटण दाबताच आतील संगणक एक यादृच्छिक आकडा उचलतो, आणि निकाल त्याच क्षणी ठरतो. चाके फिरताना दिसतात ती केवळ आधीच ठरलेला निकाल दाखवण्यासाठी. १९८४ साली इंगे टेल्नेस यांना मिळालेल्या पेटंटमुळे डोळ्यांना दिसणारे चाक आणि प्रत्यक्ष शक्यता यांची फारकत झाली. मोठ्या बक्षिसाचे चिन्ह चाकावर इतरांच्या बरोबरीने दिसते, पण आतल्या गणितात त्याच्या वाट्याला फार थोडे आकडे असतात.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. ‘हे यंत्र बराच वेळ दिले नाही, आता देणारच’ हा निव्वळ भ्रम आहे, कारण यंत्राला मागच्या डावाची आठवण नसते. दुसरी, ‘९५ टक्के परतावा’ हे आपल्याला मिळालेले वचन नव्हे. लक्षावधी डावांतून निघणारी ती सरासरी आहे. एका संध्याकाळच्या खेळाला ती बांधील नाही. शिवाय बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन यंत्रांत परताव्याचे प्रमाण वेगवेगळे ठेवलेले असू शकते.

मग काहीच कळत नाही का? थोडेसे कळते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात यंत्राने गणितानुसार निदान ७५ टक्के परत दिले पाहिजेत असा नियम आहे. तेथील सरकारी नियंत्रण मंडळ यंत्रांनी किती टक्के स्वतःकडे ठेवले याचे आकडे दरमहा प्रसिद्ध करते. त्यांतून सामान्यतः असे दिसते की, सर्वांत लहान नाण्याची यंत्रे अधिक टक्के कापतात आणि मोठ्या नाण्याची यंत्रे कमी. ‘चांगले यंत्र शोधा’ या सल्ल्याचा सारा आधार एवढाच.

आता हा आधार रुपयांत मोजू. दहा रुपयांच्या डावाचे यंत्र दहा टक्के कापत असेल, तर डावामागे सरासरी एक रुपया जातो. शंभर रुपयांच्या डावाचे ‘चांगले’ यंत्र फक्त पाच टक्के कापते. म्हणजे डावामागे पाच रुपये गेले. टक्केवारी निम्मी झाली आणि तोटा पाचपट झाला!

“मग डाव दहा रुपयांचाच ठेवून जास्त परतावा देणारे यंत्र मिळाले तर?” असे त्या तरुणाने विचारले. तेही पाहू. मिनिटाला दहा डाव या गतीने तासाला सहाशे डाव होतात, म्हणजे सहा हजार रुपये पणाला लागतात. दहा टक्के कापणारे यंत्र तासाला सरासरी सहाशे रुपये घेते, पाच टक्के कापणारे तीनशे घेते. खिशात पाच हजार असतील, तर सरासरीने पहिल्या यंत्रावर ते आठ तास वीस मिनिटांत संपतील आणि दुसऱ्यावर सोळा तास चाळीस मिनिटांत. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे रितेही होते. ‘चांगल्या’ यंत्राने तळे वाचवलेले नाही, त्याने फक्त गळती मंद केली आणि माणसाला दुप्पट वेळ खुर्चीवर बसवले.

हे यंत्र बनवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच वीस रुपये लावून आठ परत आले तरी ते दिवे लावते आणि सूर वाजवते. बारा रुपये गेल्याचे दुःख व्हायच्या आत आठ मिळाल्याचा आनंद करून दिला जातो. दोन चिन्हे जुळून तिसरे किंचित खाली थांबते, तेव्हा ‘जवळजवळ जिंकलोच होतो’ असे वाटते. वास्तविक जवळजवळ असे काही नसतेच. हरलेला डाव हरलेलाच असतो.

कुरआनने सांगितलेले कारण

आता सूरह अल्-माइदाच्या ९० आणि ९१ या आयतींकडे वळू. मद्य, जुगार, मूर्तींची वेदीस्थाने आणि कौल लावण्याचे बाण ही सैतानी कृत्यांतील घाण असून त्यांपासून दूर राहावे, असा आदेश पहिल्या आयतीत आहे. कारण दुसरीत सांगितले आहे. मद्य आणि जुगाराच्या द्वारे सैतान तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून तुम्हाला रोखू इच्छितो, असा तिचा आशय आहे.

वाचकहो, या कारणांत ‘तुमचे पैसे बुडतील’ हे कारण नाही. जुगार हराम होण्याचा आधार तोटा असता, तर तोटा कमी करणारे यंत्र शोधण्याला काही अर्थ राहिला असता. पण आयतीतील कारणे वैर, द्वेष, जिक्रचा विसर आणि नमाजपासून दुरावा ही आहेत. वरचा हिशेब या प्रकाशात पुन्हा वाचावा. ‘चांगले’ यंत्र जे दुप्पट करते तो वेळ आहे, आणि आयत नेमकी त्या वेळाविषयीच बोलते. सोळा तास चाळीस मिनिटांत किती नमाजांच्या वेळा येऊन जातात, हे आपण बोटांवर मोजून पाहावे. सूरह अल्-अस्रमध्ये अल्लाहने काळाची शपथ घेऊन माणूस तोट्यात असल्याचे सांगितले आहे. तो तोटा रुपयांत मोजता येत नाही.

इस्लामपूर्व अरबांचा मैसिर कसा चाले याचे वर्णन भाष्यकारांनी केले आहे. उंट कापून त्याचे वाटे पाडीत. पिशवीत दहा बाण असत. त्यांपैकी सातांवर वाट्यांच्या खुणा असत आणि तीन कोरे असत. कोरा बाण ज्याच्या नावे निघे त्याला वाटा मिळत नसे, उलट उंटाची किंमत भरावी लागे. जिंकणारे पुष्कळदा ते मांस स्वतः न खाता गोरगरिबांत वाटून टाकीत आणि त्याचा अभिमान बाळगीत. अल्-बकराच्या आयतीत मान्य केलेल्या लाभांत भाष्यकार हाही लाभ गणतात. विचार करा, ज्या जुगाराची जीत भुकेल्याच्या पोटात जात होती तोही हराम ठरला. मग ज्याचा निश्चित वाटा यंत्राच्या मालकाच्या तिजोरीत जातो, त्याच्या टक्केवारीत आपण सूट कशी शोधावी?

व्यापार आणि जुगार

तरुणाचा मुख्य युक्तिवाद राहिला, तो हिशेब आणि व्यापार यांचा. सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीचा आशय असा की, एकमेकांचा माल अनुचित मार्गाने खाऊ नका; परस्परसंमतीचा व्यापार असेल तर गोष्ट निराळी. व्यापारातही जोखीम असते. कापड विकत घेतले आणि भाव उतरला तर तोटा होतो. पण तेथे पैशाच्या बदल्यात वस्तू येते. विकणाऱ्याला दाम मिळतो, घेणाऱ्याला कापड मिळते, आणि दोघांची गरज भागते. किमारची, म्हणजे पैज लावून खेळलेल्या जुगाराची, फुकहांनी सांगितलेली ओळख वेगळी आहे. त्यात माल पणाला लागतो, तो कोणाकडे जाईल हे अनिश्चित घटनेवर टांगलेले असते, आणि एकाला मिळते ते दुसऱ्याने गमावलेलेच असते.

जाणकारीने जुगाराचा व्यापार होत नाही. बाणांच्या खुणा पाठ असलेला अरबही जुगारीच होता. समजा, एखाद्या यंत्राने शंभरापेक्षा अधिक परत दिले, तरी ती रक्कम कोठून आली? आपल्या आधी त्याच खुर्चीवर बसून गेलेल्या कोणाच्या तरी पगारातून. ती त्याने आपल्याला भेट दिली नाही, विकली नाही, मजुरी म्हणूनही दिली नाही. तिच्यावर आपला हक्क कोणत्या मार्गाने निर्माण होतो?

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. गोव्याच्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना परवानगी मिळाली. पुढे जहाजांवरील खेळांनाही मिळाली. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोविषयक कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. देशाचा कायदा पाळणे आपले कर्तव्य आहेच. पण मांडवी नदीच्या पात्रात जे कायदेशीर आहे ते तेवढ्याने हलाल होत नाही. मोबाइलच्या पडद्यावरील खेळ ‘नुसता खेळ’ म्हणून मुलांच्या हाती येतो, त्याबाबतही आईवडिलांनी हेच ध्यानात ठेवावे.

परतीचा मार्ग

जो या मार्गावर गेला आहे त्याच्यासाठी दार बंद झालेले नाही. तौबाच्या अटी सर्वांना ठाऊक आहेत: कृत्य तत्काळ सोडणे, मनापासून पश्चात्ताप करणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, आणि कोणाचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे. हरलेले पैसे जिंकून मग सोडीन, ही तौबा नव्हे; तो पुढचा डाव आहे. जिंकलेली रक्कम हाती असेल तर ती मूळ मालकाला परत करावी. तो कोण हे कळणे शक्य नसेल तर पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना देऊन टाकावी. सोबत्याला ‘चल, जुगार खेळू’ एवढे नुसते म्हणणाऱ्यानेही सदका द्यावा, असा आशय बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसमध्ये आहे. केवळ आमंत्रणाची भरपाई एवढी, तर पुढच्या कृत्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

घरच्यांनाही एक विनंती आहे. कबुली देणाऱ्या मुलाला चारचौघांत अपमानित करू नका. त्याच्या हाती रोख रक्कम व खाते काही काळ ठेवू नका, त्याचे कर्ज कागदावर लिहून काढा आणि फेडीचे हप्ते ठरवा. सवय सुटत नसेल तर डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नका. जुगाराचे व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे.

एका गरजू अन्सारी सहाबींची हकिकत अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत आली आहे. ते प्रेषितांकडे (स.) मागायला आले होते. घरात एक जाड वस्त्र आणि एक पेला एवढीच चीजवस्तू होती. प्रेषितांनी (स.) ती मागवून घेतली आणि दोन दिरहमला विकली. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड घ्यायला सांगितली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि त्यांना लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांनी ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते. रिकाम्या घरालाही प्रेषितांनी (स.) दाखवलेला मार्ग श्रमाचाच होता.

मी त्या तरुणाला हीच हकिकत सांगितली आणि म्हणालो, “यंत्र शोधणे सोड आणि अब्बांना आजच सांग.” त्याने त्या दिवशी सांगितले नाही. चार दिवसांनी सांगितले. पुढे वडील मला भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, “मौलाना, पैसे गेल्याचे मला कळले असते तेव्हा मी मुलगाही गमावलेला असता.” आता मुलगा पगारातून दरमहा ठरलेली रक्कम वडिलांच्या खात्यात भरतो. हज लांबली आहे. पण ज्या पैशाने ती होईल तो पैसा स्वच्छ असेल.

कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील, असे हदीसमध्ये आले आहे. ती कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली. किती टक्के परत आले, हा प्रश्न त्यांत नाही.

अल्लाह आपल्याला व आपल्या संततीला हलाल रोजीवर समाधान देवो, वाट चुकलेल्यांना परतीचे बळ देवो आणि आपल्या वेळेत बरकत देवो. आमीन.