गेम सारखा बंद पडतो, पैसे परत मिळतील का?

प्रश्न : स्टीमवर घेतलेला गेम दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतो. पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, कोरेगाव भीमा

उत्तर : मिळतील, पण घाई करा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ २ तासांखाली असताना अर्ज केलात, तर स्टीम कारणाचा कीस पाडत नाही. मेख अशी, की गेम चालू ठेवून केलेल्या खटपटीचा वेळही खेळात धरला जातो. तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आधी अपडेट करा, मगच गेम उघडा. मुदत उलटली तरी अर्ज कराच. गेमच सदोष असेल, तर कधी कधी नियमाबाहेरही पैसे मिळतात : डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम इतका रखडत चालला, की सोनीने तो आपल्या स्टोअरमधून काढून पैसे परत देऊ केले. दाद लागलीच नाही, तर एररचे स्क्रीनशॉट आणि पावती घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.