ठराव आणि पाऊल

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला; पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब समाजासह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला.

आजही तेच आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून १० टक्के महिला-बालकल्याणावर व १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करावा, असा नियम आहे. पण विचारल्याविना अंगणवाडी, अभ्यासिका सुधारत नाही. आपल्या दुष्काळी जत तालुक्यातून आईबाप ऊसतोडीला निघाले, की मुलांची शाळा सुटते. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीपूर्वीच केली पाहिजे.

म्हणून बंधू-भगिनींनो, ग्रामसभेत आपण सर्वांनी बसावे व हिशेब मागावा. विद्यार्थ्यांनी तो वाचून दाखवावा. आम्ही पाऊल उचलले, तरच ठराव चालेल, असे आम्हांस वाटते.

जय भीम!