आधी चिपची नक्कल घे

चि. मृण्मयीस,


लॅपटॉप फार तापतो, म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे उतरवायचे. पर्याय बायोसमध्ये दिसत नाही, म्हणून यूईएफआयटूलने फर्मवेअर उघडून तो दिसता करायचा, असा तुझा बेत आईकडून कळला. बेतात वावगे काही नाही. पण तो पर्याय लपवला का, हे आधी समजून घे.

डिसेंबर 2019 मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूवेनच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ उघड केले. इंटेल प्रोसेसरचे व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून नेमके खाली आणले की एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली गणिते चुकतात आणि त्या चुकांवरून आतल्या गुप्त किल्ल्या काढता येतात. मग बायोस अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर हा पर्यायच कुलूपबंद झाला. तू एसजीएक्स वापरत नसशील तर कुलूप काढायला माझी हरकत नाही.

मात्र त्यासाठी फर्मवेअर कापाकापी करू नकोस. लपवलेला पर्याय सेटअप मॉड्यूलमध्ये असतोच, फक्त ‘दाखवू नये’ अशी अट त्यावर असते. आयएफआर एक्स्ट्रॅक्टरने त्या मॉड्यूलमधला मजकूर बाहेर काढ, त्यात ‘ओव्हरक्लॉकिंग लॉक’ शोध, ऑफसेट टिपून घे. बऱ्याच मशिनवर तेवढी एक बाइट आरयू किंवा सेटअप_व्हारने बदलली की काम होते. नव्या मशिनवर ती बाइटही लिहू देत नाहीत. तसे झाले तर तिथेच थांब. बदललेली फाइल चढवायला जाशील तर बूट गार्ड आडवा येईल. 2013 च्या हॅसवेलपासून ही सोय आहे. ती चालू असेल तर कंपनीच्या किल्लीची खूण चिपसेटमध्ये कायमची कोरलेली असते, आणि सहीखालचा भाग बदलला की मशिन उठतच नाही.

ऑफसेट तुझ्याच बायोस आवृत्तीतून काढायचा. व्हिडिओत पाहिलेला आकडा पुढच्याच आवृत्तीत भलत्या पर्यायाचा असू शकतो.

त्याही आधी बायोसच्या चिपची नक्कल. बॅटरी आणि चार्जर काढ, आठ पायांच्या चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय, प्रोग्रामरच्या क्लिपची लाल तार तिकडे. दोनदा वाच आणि दोन्ही फाइलींचे हॅश जुळव. सगळे एफएफ आले तर क्लिप नीट बसलेली नाही. चिप 1.8 व्होल्टची असेल तर अॅडॉप्टरशिवाय जोडू नकोस, जळेल. नेहरू प्लेसला कुणी ‘याच मॉडेलची फाइल आहे’ म्हणाले तरी आपली नक्कल हवीच. सिरियल नंबर, विंडोजची किल्ली हे बहुधा त्याच चिपमध्ये असते, आणि दुसऱ्याच्या फाइलीत दुसऱ्याचे येते. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव.

आणि पंखा उघडून पाहिलास का? दिल्लीची धूळ जाळीत अशी बसते की हवाच निघत नाही. ती साफ करून नवी थर्मल पेस्ट लाव, मग तापमान मोज. तरीही उतरले नाही तर शनिवारी दुकानात ये, प्रोग्रामर आणि क्लिप दोन्ही माझ्याकडे आहेत. रविवारी बाजार बंद असतो.

तुझा,
मामा