टीव्हीच्या पाठीमागे

पोरी, नव्या घरात टीव्ही भिंतीवर चढवायच्या आधी माझं ऐकून घे. एकदा तो भिंतीला चिकटला की मागच्या पोर्टांपर्यंत बोट पोचत नाही. मग जी वायर जिथे घुसली तिथेच ती राहते, चुकीची असली तरी. तुमच्याकडे सासूबाईंचा सेटटॉप बॉक्स, जावईबापूंची स्टिक, चिरंजीवांचं प्लेस्टेशन, साउंडबार, तुझा ऑफिसचा लॅपटॉप, आणि सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या कॅसेटसाठी माळ्यावर जपलेला व्हीसीआर. टीव्ही मात्र एक, आणि त्याला एचडीएमआयची तोंडं तीन.

बहुतेक घरांत चित्र बिघडतं ते वाटेत. उपकरण चांगलं असतं, टीव्हीही चांगला असतो, आणि मधला एखादा जोड दोघांनाही खाली ओढतो. दोन इंची पाइपलाइनच्या मध्ये कुणी अर्ध्या इंचाचं कपलिंग बसवलं तर पुढे नळाला अर्ध्या इंचाचंच पाणी येणार. म्हणून मी आधी कपलिंगं मोजतो.

वारज्यात मी टीव्ही दुरुस्तीला लागलो तेव्हा गच्चीगच्चीवरचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे, कारण पुण्याचं दूरदर्शन गडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. खरं तर इथून गड समोर. तरीही घराघरांत पडद्यावर मुंग्या. मी अँटेना नंतर बघायचो, आधी वायर धरून चालत खाली यायचो. एका अँटेनावर दोन टीव्ही चालावेत म्हणून कुणीतरी वायर सोलून पिळलेली सापडायची. नीट स्प्लिटर लावला तरी दोन वाटांना निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो. सोलून पिळलेल्या वायरीत तर चित्राच्या शेजारी चित्राची सावली उभी राहायची. व्हीसीआर आले तेव्हा तेही त्याच अँटेनाच्या भोकातून टीव्हीत शिरले. घरातल्या घरात चित्राचं आधी प्रक्षेपण करायचं आणि मग ते पुन्हा उलगडायचं, असा तो उलटा प्रवास. पिवळ्या पिनेची वायर लावली की तीच कॅसेट लगेच स्वच्छ दिसायची, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं मी हेड बदललं. पुढे केबल आली, आणि 31 मार्च 2013 ही पुण्यात केबलला सेटटॉप बॉक्स लावायची मुदत होती. त्यानंतर मुंग्या गेल्या. डिजिटल चित्र एक तर नीट येतं, नाहीतर चौकोन पडतात, पांढरे ठिपके चमकतात, क्षणभर अंधार होतो. पण वाटेत गुपचूप लहान होण्याची खोड त्याला आहेच, आणि ते डोळ्यांना पटकन कळत नाही. म्हणून आता जास्त जपायचं.

तीन तोंडं कुणाला द्यायची ते आधी ठरव. साउंडबारला एक दे, ज्याच्यावर एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेलं असतं ते. कित्येक जण उलटं करतात: सगळी उपकरणं साउंडबारला जोडतात आणि बारमधून एक वायर टीव्हीला नेतात. दिसायला सुटसुटीत. पण बार जुन्या पिढीचा असेल, एचडीएमआय 1.4 चा, तर त्यातून सेकंदाला 10.2 गिगाबिटच जातात, आणि तेवढ्यात फोर के चित्र सेकंदाला तीसच वेळा मावतं. साठ वेळा हवं असेल तर 2013 साली आलेली 2.0 ची 18 गिगाबिटची वाट लागते. तेव्हा चित्र थेट टीव्हीला जाऊ दे, आणि आवाज टीव्हीतून एआरसीने बारकडे येऊ दे.

दुसरं तोंड प्लेस्टेशनचं. सगळ्यांत जास्त भूक त्याची. फोर के चित्र सेकंदाला एकशेवीस वेळा हवं असेल तर 2.1 चं पोर्ट पाहिजे, आणि कित्येक टीव्हींत असं पोर्ट एखाद-दोनच असतं. त्यातलंच एक ई-एआरसीचं निघतं, मग बार आणि गेम एकाच दारासाठी भांडतात. टीव्ही घ्यायच्या आधी दुकानात हे विचार, आकारमान नंतर.

राहिलं एक, आणि वाटेकरी तिघं: सेटटॉप बॉक्स, स्टिक, लॅपटॉप. इथे स्विच लागतो. दुकानात स्विच माग, स्प्लिटर नको. स्प्लिटर एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना देतो. आपल्याला अनेकांतला एक निवडायचाय. दोन्ही डब्या दिसायला सारख्या असतात आणि पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानांत गर्दीच्या वेळी भलतीच डबी हातात पडते. डबीवर 18 गिगाबिट, फोर के साठ हर्ट्झ आणि एचडीसीपी 2.2 हे तीनही लिहिलेलं बघून घे. शेवटचं नसेल तर सिनेमाचं अॅप फोर के द्यायला नकार देतं आणि मुकाट्याने खालचं चित्र पाठवतं. एक बारकावा सांगतो. प्रत्येक उपकरण जोडल्याबरोबर समोरच्याला विचारतं, ‘तुला कुठवर दाखवता येतं?’ मध्ये स्विच असला की कधी कधी टीव्हीऐवजी तोच उत्तर देतो, आणि त्याचं उत्तर कमी असेल तर टीव्ही कितीही महागाचा असो, चित्र तेवढंच येतं. म्हणून स्विचवर कमी भुकेची मंडळी बसव: बॉक्स आणि लॅपटॉप. स्टिक हवीच का तेही बघ. टीव्हीतलीच अॅप नीट चालत असतील तर एक वायर कमी, एक जोड कमी. टीव्ही जुना झाल्यावर त्यातली अॅप मागे पडतात, तेव्हा स्टिक लाव, याच स्विचवर.

स्विच आपोआप बदलणारा नको, बटणाचा किंवा रिमोटचा घे. स्टिक कधी पूर्ण झोपत नाही, त्यामुळे आपोआप बदलणारा स्विच तिच्यावरच अडून बसतो आणि सासूबाई मालिकेच्या वेळेला चिडतात. स्विचला स्वतःचा अॅडॉप्टर असावा. आणि स्टिकला तिच्याबरोबर आलेल्या अॅडॉप्टरवरच चालव. टीव्हीच्या यूएसबीतून बऱ्याचदा अर्धा अँपिअरच मिळतो, मग स्टिक मधेच बंद पडते आणि दोष इंटरनेटला लागतो.

वायरीबद्दल लोकांना फार भीती घातली जाते. सोन्याचा मुलामा गंज रोखतो, त्याने चित्र सुधारत नाही. दोन मीटरची, ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली वायर फोर केला पुरते. गेमसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ घे. दोन्हींच्या वेष्टनावर मोबाइलने तपासता येतं असं लेबल असतं. लांब वायर मात्र जपून. दहा-पंधरा मीटर न्यायची तर प्रकाशाची, म्हणजे ऑप्टिकल वायर लागते, आणि तिला दिशा असते: एक टोक उपकरणाचं, एक टीव्हीचं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. भिंतीत वायर पुरायची असेल तर बिल्डरच्या माणसाला दीड इंची पाइप टाकायला सांग, म्हणजे पुढे वायर पिनेसकट ओढून बदलता येईल.

सगळं जोडून झालं की खरं काम सुरू होतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. नव्या टीव्हीचं पोर्ट बऱ्याचदा साध्या मोडवर असतं. पूर्ण चित्र घ्यायला त्याला परवानगी द्यावी लागते. सोनीत ते एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमध्ये ‘एन्हान्स्ड’ म्हणून सापडेल, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’. दर पोर्टाला वेगळं करायचं. लॅपटॉपच्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दे. बऱ्याच टीव्हींत एवढ्याने कडा कापणं थांबतं आणि अक्षरं धारदार होतात. लॅपटॉपवर फोर के तीस हर्ट्झ दिसलं आणि माउस रांगायला लागला तर समज, मधलं काहीतरी अरुंद आहे. टाइप-सीचा छोटा जोड असेल तर आधी तोच बदल.

सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र 1080 वर आण. बॉक्स कधी कधी खालच्या आकड्यावरच चालू राहतो. त्याहून महत्त्वाचं, सासूबाईंना स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या वाहिन्यांचे एचडी नंबर आवडत्या यादीत घालून दे. एचडीचे पैसे भरून वर्षानुवर्षं साधी वाहिनी बघणारी घरं मी खूप पाहिली आहेत, कारण बोटाला जुना नंबर पाठ असतो. चित्राचा मोड ‘विविड’वरून ‘सिनेमा’वर आण आणि शार्पनेस खाली घे. चेहऱ्यांभोवतीची पांढरी रेघ तिथेच जाते.

आता कॅसेट. व्हीसीआरची पिवळी, पांढरी, लाल पिन थेट टीव्हीला लाव. नव्या टीव्हीत त्यासाठी बऱ्याचदा, असलंच तर, एकच बारीक भोक असतं आणि वेगळी वायर लागते. ती टीव्हीबरोबरचीच वापर, कारण आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. हिरव्या आणि पिवळ्याला एकच भोक असलेल्या टीव्हीत चित्र कृष्णधवल आलं तर घाबरू नकोस, इनपुट कंपोनंटवरून एव्हीवर घे. एचडीएमआयचा स्वस्त कन्व्हर्टर शेवटचा उपाय. त्याने व्हीएचएसला नवे तपशील फुटत नाहीत, उलट तो चौकोनी चित्र ताणून सासूबाईंना रुंद करून ठेवतो. टीव्हीवर प्रमाण 4:3 ठेव. आणि कॅसेट आधी उजेडात धर. आपल्या पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरते; तशीच आत घातली तर हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बुरशी दिसली तर साफ करणाऱ्याकडे दे. एकदा चालली की त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घे, थेट वायरने. पडद्यासमोर मोबाइल धरून नको.

वायर लावताना-काढताना दोन्ही बाजूंचे स्विच बंद. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या बॉक्सच्या धातूला हात लावला की कधी झिणझिणतं, ती गळती वायरीतून टीव्हीच्या पोर्टात उतरते. बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. तीन भोकं दिसली म्हणजे तिसऱ्यात काही असतंच असं नाही. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागण्याआधीच टीव्ही नि बॉक्सचे प्लग काढून ठेव, आणि बॉक्सच्या मागची छत्रीची, म्हणजे डिशची, वायरही. वीज तिच्यातूनही घरात येते.

दर वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी चिकटवून नाव लिही, मराठीतच लिही, म्हणजे तू ऑफिसात असताना सासूबाईंना फोनवर सांगता येईल, ‘आई, गेम लिहिलेली काढू नका, बॉक्स लिहिलेली जरा आत दाबा.’