मांजराच्या ओठांचा वर्ण : आपले निरीक्षण व आपली मर्यादा

मुळशी तालुक्यात आंबेमोहोराच्या साठ्याचा राखणदार म्हणून मांजर घरोघरी असते. ते आजारी पडले की ग्रामस्थ प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधांच्या दुकानात विचारणा करतात. म्हणून आम्ही हा विषय व्यवसायबंधूंसमोर मांडीत आहोत.

वर्णपरीक्षा आपणांस नवीन नाही. पिकलेल्या जांभळासारखे निळे ओठ चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात अरिष्टलक्षण मानले आहेत. मांजराचे ओठ मुळातच काळसर असू शकतात. म्हणून हिरड्याही पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती बोटाने दाबून सोडल्यास दोन सेकंदांच्या आत पूर्ववत होते.

नारिंगी मांजराच्या ओठांवर वयानुसार सपाट काळे ठिपके येतात. ते निरुपद्रवी होत. मात्र ठिपका उंचावला, व्रण झाला किंवा रक्त येऊ लागले तर तपासणी आवश्यक ठरते.

पांढुरकेपणा रक्तक्षय, रक्तस्राव वा आघात सुचवितो. पिसवांचा अतिरेक हेही त्याचे कारण असते. भातसाठ्याजवळ ठेवलेल्या काही उंदीरनाशकांमुळे रक्त गोठत नाही आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात. पिवळेपणा यकृतविकार अथवा रक्तपेशींचा नाश दर्शवितो. त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. निळसर वर्ण, उघड्या तोंडाने श्वास, अचानक आलेला पांढुरकेपणा किंवा उष्माघातातील गडद लाली दिसल्यास क्षणाचाही विलंब नको. अशा वेळी हिरड्या तपासण्याच्या खटाटोपातही पडू नये.

आपल्याशी थेट संबंध येतो तो तपकिरी वर्णाचा. ताप आलेल्या मांजरासाठी पॅरासिटामॉलची गोळी मागणारा ग्राहक आपल्याकडे येतो. या औषधाचे निर्विषीकरण करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अत्यंत दुर्बळ असते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, हिरड्या मातकट तपकिरी दिसतात, चेहरा व पंजे सुजतात. पशुवैद्यकाने एन-ॲसिटिलसिस्टीन वेळेत दिल्यास प्राण वाचू शकतात; म्हणून लक्षणांची वाट न पाहता गोळी दिल्याचे समजताच रवाना करावे.

आपली औषधेही निर्दोष समजू नयेत. गंधपुरा तेल, कापूर व निलगिरी तेल असलेले वेदनाहर मलम मांजराच्या अंगास लावू नये. ते चाटून पोटात जाते. घरी मीठपाणी पाजून वांती करविणे तर सर्वथा वर्ज्य.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. तेव्हा आपण तीन गोष्टी कराव्यात : मांजरासाठी गोळी मागणाऱ्यास नकार द्यावा, काय व केव्हा पोटात गेले ते कागदावर लिहून वेष्टनासह द्यावे, आणि जवळच्या पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक दुकानात दर्शनी लावावा. ताम्हिणीकडील वाड्यावस्त्यांहून पौडला वा पुण्यास पोहोचण्यास पावसाळ्यात वेळ लागतो. तो वेळ आपल्या दारी वाया जाऊ नये, एवढीच आमची विनंती.