फोटो काढणे सोपे, जपणे अवघड

घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडून पाहा. तळाशी, कपड्यांच्या घड्यांखाली, एखादा काळा-पांढरा फोटो सापडेल. खुर्चीत आजोबा, शेजारी उभी आजी. दोघेही गंभीर. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे मोठे काम. ठेवणीतले कपडे घालून तालुक्याला जायचे, स्टुडिओत बसायचे. फोटोवाला म्हणायचा, "हलू नका हं!" मग खटका वाजायचा. फोटो हातात पडायला चार-आठ दिवस लागायचे.

आणि आज? मोबाईल खिशातच असतो. बाळ हसले, काढला फोटो. गाय व्याली, काढला फोटो. मग तो कॅमेरा गेला कुठे? ऐका तर त्याची हकीकत.

जुन्या कॅमेऱ्यात फिल्म असे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. भिंगातून आलेला उजेड त्यावर पडला की चित्र उमटते. पण ते लगेच दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म औषधात धुवावी लागते.

१८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन या गृहस्थाने कोडॅक नावाचा कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. तिकडून फोटो येत आणि नवी फिल्म भरून कॅमेराही परत येई. अशा रीतीने साधी माणसेही फोटो काढू लागली. आपल्या देशात बडोद्याला आगफा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा तयार होई. त्याच्या एका रोलवर १२ फोटो निघत. बारा म्हणजे बाराच! म्हणून माणूस विचार करून खटका दाबी.

१९७५ साली कोडॅक कंपनीतल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक फोटो टिपून ठेवायला २३ सेकंद लागत. यात उजेडाचे विजेच्या खुणांत आणि त्या खुणांचे आकड्यांत रूपांतर होते. यालाच आपण डिजिटल म्हणतो. पुढे हे यंत्र लहान लहान होत गेले आणि मोबाईलच्या पोटात जाऊन बसले. कोडॅकचा मोठा धंदा मात्र फिल्मचा. लोकांनी फिल्म घेणे सोडले, आणि २०१२ साली त्या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

जपानातल्या कॅमेरा कारखानदारांच्या संघटनेचे आकडे पाहा. २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० साली एक कोटीसुद्धा गेले नाहीत. कारण उघड आहे. मोबाईल सदा जवळ असतो. रोलचा खर्च नाही, धुण्याचा खर्च नाही. काढलेला फोटो त्याच क्षणी मुंबईच्या लेकाला पाठवता येतो. तरी कॅमेरा अगदीच गेला असे नाही. लग्नात, वर्तमानपत्रांच्या कामात, दूरचा पक्षी टिपायला मोठ्या भिंगाचा कॅमेरा अजून लागतोच.

सोय झाली, हे चांगलेच झाले. पण एक गोष्ट आम्हांला सांगायची आहे. आमच्या वर्गाला एक आजी येतात. त्यांचे यजमान वारले. त्यांचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये होते. मोबाईल विहिरीत पडला. फोटो दुसरीकडे कुठेच ठेवलेले नव्हते. आजी म्हणाल्या, "शेकड्यांनी फोटो होते हो, एक उरला न्हाई. पेटीतला लग्नाचा तेवढा हाय."

म्हणून आमचे सांगणे असे. दर दिवाळीला घरातल्या सगळ्यांनी बसून वर्षाचे दहा चांगले फोटो निवडावेत. ते कागदावर छापून घ्यावेत. बाकीचे पेनड्राइव्हमध्ये किंवा दुसऱ्या फोनमध्ये उतरवून ठेवावेत. आणि छापलेल्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे: कोण, कुठे, कोणत्या साली.

हे लिहिणे फार महत्त्वाचे, बरे का! पेटीतल्या कितीतरी फोटोंतली माणसे आज कोणालाच ओळखता येत नाहीत. ज्यांना ठाऊक होते ते गेले, आणि मागे नाव लिहायला त्यांना अक्षर येत नव्हते. तुम्हांला आता अक्षर येते. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. एका फोटोमागे तरी नाव लिहा.

सांगा पाहू:
१. जुन्या काळी माणूस विचार करून खटका का दाबी?
२. कॅमेऱ्यांचा खप का घटला?
३. तुमच्या घरातला सर्वांत जुना फोटो कोणाचा आहे? त्याविषयी चार ओळी लिहा.